चौथा कान

फोन वाजला तेव्हा मल्लाप्पा उभाच होता. खुर्ची रिकामी होती, तरी.

"हॅलो! चंद्रकांत? मोठ्यानं बोल!" उमाकांतसाहेबांनी रिसीव्हर कानाला दाबला. मुंबईच्या गोदीतून कंपनीच्या माणसाचा ट्रंक कॉल. बंगळूरच्या केबिनमध्ये त्याची एकच बाजू ऐकू येत होती.

– खिडकीतून दिसतंय ना सगळं?

– साखळ्या चारी कानांत अडकवल्या? बरं.

– उचलायला घेतलं की सांगत राहा.

समुद्रात तेल शोधायला बांधलेला एकशेऐंशी टनांचा लोखंडी सांगाडा. परदेशी जहाजाची क्रेन आज तो धक्क्यावरून उचलून जहाजावर ठेवणार होती. सांगाडा ज्या चार कानांना धरून लोंबायचा, त्या जाड लोखंडी कड्या, इथल्या शेडमध्ये सांगाड्याच्या तुळयांना जोडून मालगाडीनं गेल्या होत्या. वेल्डिंग मल्लाप्पाचं. आणि लोंबता सांगाडा हेलकावू नये म्हणून खाली दोर धरून उभा होता खंडोजी. मल्लाप्पाचा धाकटा भाऊ.

दाराजवळ अलका. वेल्डिंगचे एक्स-रे वाचणं तिचं काम. चौथा कान तिनं नापास केला होता. "सावली दिसतेय," एवढंच म्हणाली होती. कान कापून काढावा लागला, नवा जोडावा लागला, जहाज आठ दिवस खोळंबलं. बावीस वर्षं वेल्डिंग केलेला मल्लाप्पा तेव्हापासून तिच्याशी बोलला नव्हता.

"बाईंची एक सावली आणि आठ दिवस," रिसीव्हरवर हात ठेवून उमाकांत हसले. "दिल्लीला उत्तरं मी देतोय."

मल्लाप्पानं खिशातली मूठ आवळली.

– हं. ताणल्या?

– सुटला धक्क्यापासून? किती? वीतभर?

– हो बाई, तीन मिनिटं झाली, कळलं. एक्स्टेंड करा, एक्स्टेंड! चंद्रकांत, तू बोल.

– कमरेएवढा. बरं. दोरवाले खालीच आहेत ना?

– काय? कसला आवाज? चंद्रकांत, कसला आवाज झा

लाईन तुटली.

"आवाज कसला म्हणाले, साहेब?"

"कळलं नाही. बसा हो, मल्लाप्पा."

"नको की."

उमाकांतांनी तीनदा एक्सचेंज फिरवलं. तीनदा एंगेज. अलकानं पाण्याचा पेला पुढे केला. "अण्णा, घ्या." त्यानं घेतला. प्याला नाही.

फोन.

– चंद्रकांत? ... कोण? एक्सचेंज?

उमाकांतांनी मान वर केली. "लाईन धड जुळत नाही म्हणतेय. पण इथल्या ऑपरेटरला मुंबईची ऑपरेटर ऐकू येतेय, आणि तिला गोदी. ती हिला सांगणार, ही आपल्याला."

"मग विचारा की!"

– हेळी, अम्मा, हेळी.

आता ती कानडीत सांगत होती आणि उमाकांत एकेक वाक्य ऐकून मराठीत मोठ्यानं म्हणत होते.

– साखळीनं कचका दिला. एका बाजूला. सगळा भार चौथ्या कानावर आला.

– कान हलला नाही.

– सांगाडा जहाजावर टेकला.

"खंडोजी?"

प्रश्न दोन अनोळखी बायकांच्या तोंडून मुंबईला गेला. उत्तर यायला वेळ लागला.

"फोनपाशीच उभा आहे म्हणे. चहा अजून का आला नाही विचारतोय."

मल्लाप्पा खुर्चीत बसला. पेला एका दमात रिकामा केला.

"त्या बाईला सांगा, साहेब. दोघींना सांगा. उपकार झाले म्हणावं."

उमाकांतांनी सांगितलं. पलीकडे कोणी तरी हसलं, ते केबिनमध्येही ऐकू आलं. त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि चष्मा पुसत बसले.

मल्लाप्पा उठला. अलकापुढे जाऊन उभा राहिला आणि खिशातली मूठ उघडली. काडेपेटीएवढा लोखंडाचा तुकडा. करवतीनं कापलेला, घासून आरशासारखा केलेला.

"जुन्या कानाचा हाय. तुम्हाला खोटं पाडावं म्हणून कापला. दोन रविवार करवत चालवली."

चकचकीत जोडाच्या मधोमध एक काळी पोकळी होती. ज्वारीचा दाणा बसेल एवढी.

उमाकांत वाकून बघत राहिले. हसले नाहीत.

अलकानं तुकडा तळहातावर घेतला, उजेडाकडे धरला, आणि परत द्यायला हात पुढे केला. मल्लाप्पानं घेतला नाही.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. दिवाळीला खंडोजी येतोय. त्याला तुम्हीच दाखवा, बाई. माझ्या तोंडातनं निघायचं नाही."