धर्मादायाची मूठ

भुकेल्यांसाठी राजाने प्रजेच्या तेलागुळावर कर घ्यावा की न घ्यावा, हा मोठा धर्मसंकटाचा प्रश्न आहे. आणि त्याचा निर्णय जेवून उठलेल्यांनी करावा, अशी जगाची जुनी रीत आहे. त्या रीतीस अनुसरून नेवाशाजवळच्या एका पेठेतील व्यापारी मंडळ भर दुपारी, भोजनोत्तर, देवळाच्या सभामंडपात जमले होते. मधोमध लोडाला टेकून अध्यक्ष काकासाहेब बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला, धर्मनिर्णयासाठी पाचारण केलेले वृद्ध मोहिनीराजशास्त्री.

साल बहात्तरचे, दुष्काळाचे. सरकार विक्रीकर वाढवणार आणि त्यातून दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांची मजुरी भागवणार, असे पेठेत बोलले जात होते. मंडळाला हे मान्य नव्हते. पण विरोध स्वतःसाठी करणे मंडळाच्या शालीनतेला रुचेना, म्हणून तो गरिबांसाठी करण्याचे ठरले.

"शास्त्रीबुवा," काकासाहेब म्हणाले, "गरिबाच्या फोडणीवर कर म्हणजे पाप. एवढंच तुमच्या मुखातून यावं. बाकी ठराव लिहून तयार आहे."

शास्त्रीबुवांनी उपरण्याची घडी सारखी केली. त्यांना दोन्ही बाजूंची वचने पाठ होती. मंडळाकडून महिन्याला अर्धे पोते ज्वारी घरी येते, हेही पाठ होते. त्यांचे विद्यार्थी केव्हाच पांगले होते. ते आणि त्यांची पत्नी असे दोघे त्या ज्वारीवरच तग धरून होते. पाप म्हटले तर पोते, न म्हटले तर उपवास. कालपासून ते एकेक वचन पारखून पाहत होते, आणि पोत्याच्या बाजूचीच वचने त्यांना अधिकाधिक प्रमाण वाटू लागली होती.

गरिबांची साक्ष हवी म्हणून खडीच्या कामावरून साळूबाईला आणले होते. तिची दिवसाची हजेरी बुडणार, म्हणून दोन किलो ज्वारी कबूल केली होती. "आदी दाना, मंग बोलनं," असे तिने येतानाच बजावले होते. त्याप्रमाणे मुनिमाने सर्वांसमक्ष तिच्या पदरात ज्वारी मोजून घातली. आणि तीस वर्षांच्या वळणाने, ध्यानीमनी नसताना, त्यातलीच एक मूठ उचलून शेजारच्या डब्यात टाकली.

"ही का वं काढली?" साळूबाईने विचारले.

"धर्मादाय," मुनीम म्हणाला. "दर मापामागं मूठ. दुकानातही अशीच काढतो की."

"ते राहू दे," काकासाहेब घाईने म्हणाले. "बाई, सरकारनं कर वाढवला तर तुझे किती हाल होतील, ते सांग."

साळूबाईने पदराची गाठ मारली. "शेट, त्याल घेऊन मला चार म्हैनं झालं. माझ्या कोरड्या तव्यावर सरकार कशाचा कर लावील? खडीवर शनवारी पगार हातात पडतो. सरकारचा पैका कुटं जातो ते मला दिसतंय. ही मूठ कुटं जाती, तेवढं सांगा."

"अगं, धर्माला जाते!"

"आसं व्हय? मंग ह्या धरमाचं घर कंच्या आळीला हाय?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसले. काकासाहेब हसले नाहीत. त्यांनी शास्त्रीबुवांकडे पाहिले. या उर्मट प्रश्नाला आता एखादे भारदस्त वचन मिळावे, अशी सगळ्या मंडपाची अपेक्षा होती. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. एकही वचन आले नाही.

"देवळामागच्या आळीला," ते सावकाश म्हणाले. "बाई, ती मूठ माझ्या ताटात येते."

मग ते मंडळाकडे वळले.

"आता निर्णय ऐका. सरकार सर्वांकडून घेऊन हिला देते. आपण हिच्याकडून घेऊन मला देता. यातले पाप कोणते, ते मला विचारू नका. मी ते जेवलो आहे."

काकासाहेब मुरलेले गृहस्थ. त्यांनी शास्त्रीबुवांना आदराने हात जोडले आणि मुनिमाला नवा ठराव सांगितला: शास्त्रीबुवांच्या वचनाचा मान राखून त्यांना दिली जाणारी ज्वारी आजपासून बंद करण्यात यावी, धर्मादाय पूर्ववत घेण्यात यावा, आणि वाढीव कराचा गरिबांच्या वतीने तीव्र निषेध करण्यात यावा. ठराव एकमताने संमत झाला. गरिबांच्या वतीने अंगठा तेवढा उमटवायचा राहिला, कारण साळूबाई मंडपाबाहेर पडली होती.

शास्त्रीबुवा काठी टेकत पायऱ्या उतरले. ती खाली थांबली होती.

"बाबा, माझ्यापायी तुमचं पोतं गेलं."

"माझे नव्हतेच ते."

"खडीवर हजेरी लिवायला मानूस न्हाई. मुकादम बोटांवर मोजतो, अन् चार बाया रोज इसरतो. उद्या या की."

"या वयात मला कोण घेईल, बाई?"

"तितं शास्तर न्हाई इचारत. नाव इचारत्यात."

शास्त्रीबुवांचा हात आशीर्वादासाठी वर गेला. दक्षिणेवाचून तो आजवर क्वचितच गेला होता, त्यामुळे थोडा अडखळला.

"सुखी राहा," ते म्हणाले. "जे कर भरतात, त्यांचे कल्याण असो."

वर मंडपात ते ऐकू गेले, आणि आशीर्वाद आपल्यालाच आहे असे समजून टाळ्यांचा कडकडाट झाला. शास्त्रीबुवांनी तो संपू दिला आणि हात तसाच ठेवून हलक्या स्वरात म्हटले, "आणि जे चुकवतात, त्यांचेही असो. आशीर्वादाची निकड त्यांना अधिक."