आज तरी बसू या

"उठा," अध्यक्ष म्हणाले आणि तहाच्या बोलण्यांना आलेली दोन्ही देशांची मंडळी खुर्च्या सरकवून उभी राहिली. काल सीमेवर गेलेल्यांसाठी दोन मिनिटं स्तब्धता. मग रीतीप्रमाणे दुखवटा म्हणून बैठक तहकूब. लढाई चालूच असल्यामुळे रोज कोणीतरी जायचंच. दुखवट्याच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजूंचं पक्कं एकमत होतं.

"एकदा तरी दोन मिनिटं झाल्यावर बसू या ना," सचिव कालिंदीबाई म्हणाल्या. त्यांचा मुलगा तिकडे खंदकात होता.

"बाई, गेलेल्यांचा काही मान आहे की नाही?" अध्यक्षांनी विचारलं. शत्रूनेही मान डोलावली.

मग एकदा सीमेवर दाट धुकं पडलं. नेम कोणावर धरायचा ते दिसेना, म्हणून दिवसभर कोणी गेलं नाही. पुढच्या सकाळीही धुकं होतंच; बाईंनी ते सांगितलं तेव्हा सगळे सवयीने उभे राहिले आणि ओशाळून खाली बसले. तहाचा मसुदा पहिल्यांदाच उघडला.

"पण आता कोणी मरत नाहीये," शत्रूचे प्रमुख म्हणाले. "मग घाई कसली?"

"खरंय. उद्या निवांत बसू," अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांनी चहा घेतला.

दुपारी धुकं निवळलं.

दुसऱ्या सकाळी नावं वाचताना अध्यक्ष शेवटच्या नावाशी थांबले. ते कालिंदीबाईंच्या मुलाचं होतं. सगळे उभे राहिले. बाई तेवढ्या मसुदा पुढ्यात घेऊन बसून राहिल्या.

"आज तरी बसा ना," त्या म्हणाल्या.

दोन मिनिटं अजून व्हायची होती, म्हणून कोणी उत्तर दिलं नाही.