तीनशे दिरहमची बेल

कढईतल्या तेलानं भडका घेतला, तेव्हा शेजारची पर्णिका दारातूनच ओरडली, "वहिनी, फायरची बेल दाबते!"

"अजिबात नको! तीनशे दिरहम, म्हणजे सात हजार रुपये जातील," म्हणत विद्युल्लतानं पेटती कढई उचलून बाल्कनीत नेली.

"अहो, पण भाऊजीच तर कॅप्टन!"

"म्हणूनच. पहिलं बिल स्वतःच्या घरी फाडतील आणि वर ते फ्रेम करून लावतील."

रास अल खैमातल्या सिमेंट कंपनीची ती कॉलनी. गावातून बंब यायला वेळ लागतो, म्हणून कॉलनीतल्या पुरुषांनी हौसेनं आग विझवायची टीम काढली होती. पुढे आग विझवायचे लाल सिलिंडर पुन्हा भरून आणणं परवडेना, तेव्हा ज्याच्या घरी जावं लागेल त्यानंच खर्च द्यायचा, असा नियम झाला. तो टीमचा कॅप्टन, म्हणजे विद्युल्लताचा नवरा रणजित, याचाच.

संध्याकाळी रणजित खुशीत जेवायला बसला. "नियम केला आणि बघ, सहा महिन्यांत एकही कॉल नाही! खलास. लोकांना शिस्त लागली... अगं, डाव्या हातानं काय वाढतेस?"

विद्युल्लतानं ओढणीखालचा उजवा हात काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवला. मनगटापर्यंत टूथपेस्ट फासलेली होती.

रणजितचा घास हातातच राहिला. "मला बोलवायचं तरी!"

"तुमच्या टीममधल्या बाकीच्यांनाही विचारा," ती म्हणाली, "त्यांच्या घरी हल्ली कोणत्या हातानं वाढतात."