साडेपाच मिलिमीटर

गोठवून ठेवलेला शेवटचा एकच गर्भ उरला होता, आणि तो पोटात ठेवायचा तर गर्भाशयाचं अस्तर निदान सात मिलिमीटर तरी भरायला हवं होतं. त्यासाठी थोरल्या सुनेने तीन आठवडे गोळ्यांची एक वेळ चुकवली नव्हती. आज ती सोनोग्राफीच्या टेबलावर श्वास रोखून पडली होती आणि वाण्याच्या काट्यावर नजर ठेवावी तशा सासूबाई पडद्याकडे बघत होत्या.

"साडेपाच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थांबा, पुन्हा मोजते... साडेपाचच. गर्भ अगदी छान आहे हो, पण अस्तर पातळ आहे. एवढ्यावर ठेवला तर रुजायचा नाही."

"म्हणजे माल चांगला आहे, जागा बरोबर नाही," सासूबाईंनी समजून घेतलं.

"आई, पुढच्या महिन्यात नक्की वाढेल," सून घाईघाईने म्हणाली.

सासूबाईंनी तिच्या कपाळावरून मायेने हात फिरवला. "तू नको गं जिवाला लावून घेऊस," म्हणाल्या, आणि दार उघडून त्यांनी बाहेर सोबतीला बसलेल्या धाकट्या सुनेला हाक मारली.


"ये गं आत. तुझंही जरा मोजून घेऊ."