अकरा शर्ट

शर्टाची कॉलर मागून विरत नाही. दाढीचे खुंट जिथे घासतात, त्या दोन कडांना ती आधी विरते. वैष्णवीने हातातला शर्ट दाराच्या उजेडात धरला. उजवी कड डावीपेक्षा जास्त झिजली होती. बोलताना हा माणूस मान उजवीकडे वळवत असणार.

"मास्तराचा हाय न थो?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"हो. तुमाले कसं समजलं, आत्याबाई?"

"बाहीले खडू हाय. धुतला तरी शिवणीत राह्यते."

किन्हीराजा गावातल्या त्या घरात सासू लोकांचे जुने कपडे उसवायची आणि सून त्यांतून नवे शिवायची. मनकर्णाबाई अर्ध्या ब्लेडने एकेक टाका तोडत. कापडाला ब्लेड लागू देत नसत. बटणं डब्यात, निघालेला दोरा पुठ्ठ्यावर. मग वैष्णवी विरलेला भाग चुकवून कापायची. पाठीचं झबलं, बाह्यांच्या चड्ड्या, पँटच्या पिशव्या. चिंध्या वाकळेत जात. मालेगावच्या बाजारात तिची झबली दुपारपर्यंत संपत.

फक्त पत्र्याच्या पेटीतल्या अकरा शर्टांना कधी कात्री लागली नव्हती. ते भागवतचे, तिच्या नवऱ्याचे. जित्या माणसाचे कपडे त्याला विचारल्याशिवाय कापू नयेत, असं मनकर्णाबाई म्हणत. आणि त्यांच्या लेखी भागवत जिता होता.

दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर उलटून तो गेला, तेव्हा त्या रडत गावाच्या वेशीपर्यंत गेल्या होत्या. तीन महिन्यांनी जगदेव, वैष्णवीचा भाऊ, तिला माहेरी न्यायला आला. पिशवी भरून झाली होती. तेव्हा मनकर्णाबाईंनी चुलीजवळून विचारलं, "भागवत अजून वावरातून नाही आला व?"

वैष्णवीने पिशवी रिकामी केली. पुढे आणखी दोनदा ती भरली आणि दोनदा रिकामी झाली.

वाशीमचे डॉक्टर म्हणाले, वय आहे, धक्का आहे. बाकी सगळं लख्ख आठवतं आणि सोसवत नाही तेवढंच पुसलं जातं. रोज खरं सांगाल, तर त्यांच्यासाठी तो रोज मरेल. म्हणून वैष्णवी पुन्हा कुंकू लावू लागली. सासूने विचारलं की एक उत्तर द्यायची. रिसोडले गेला. थो सोयाबीन विकून येईन.

शेजारची चंदा एकदा फाटकी चादर घेऊन आली. मशीन चालू होतं.

"कारंजाचा हरीओम अजून थांबून हाय म्हंते," ती म्हणाली. "काहून अशी करतं व? जित्याले ताटकयत ठेवून मेलेल्याच्या नावानं कुंकू लावून राह्यली."

"हयू बोल."

"बुढीले या खडखडीत काय ऐकू येते!"

मनकर्णाबाईंचं ब्लेड चालू होतं.

हरीओमचं कारंज्यात शिवणाचं दुकान होतं. बायको आजारात गेलेली. बाजारात त्याने वैष्णवीचं झबलं हातात घेतलं आणि उलटं करून आतली शिवण पाहिली. वरची तर सगळेच पाहतात. नंतर त्याने जगदेवकडे लग्नाचा निरोप पाठवला. सासूलाही सोबत आणा, असंही त्यात होतं.

वैष्णवीने एका सकाळी धीर केला. "आत्याबाई, आपुन दोघी कारंजाले राहाले गेलो तर?"

"अन् भागवत आला तर? दाराले कुलूप पाहून थो कुठी जाईन व?"

त्या दिवशी वैष्णवीची शिवण दोनदा वाकडी गेली. दोन्ही वेळा तिने ती स्वतःच उसवली.

आज जगदेव शेवटचं विचारायला येणार होता. हरीओमच्या घरच्यांनी दुसरं स्थळ पाहिलं होतं, संध्याकाळपर्यंत काय ते कळवायचं होतं. वैष्णवीचं उत्तर ठरलं होतं. सकाळपासून ती ते मनातल्या मनात म्हणून पाहत होती.

अकराच्या एसटीने जगदेव आला. पाणी पिऊन खाटेवर बसला.

"चहा घेतं का, जगदेवा?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"तुमच्या हातचा असन तर घेतो, मावशी. वैष्णवी तं साखरही बटनं मोजल्यासारखी टाकते."

मनकर्णाबाई हसल्या. "भागवत येऊ दे. मंग संगंच घ्या."

जगदेवचं हसू विरलं. तो बहिणीकडे वळला. "बोल बाई. काय सांगू त्यायले?"

"अंगनात चाल."

"दोन सालापासून तू मले अंगनातच नेऊन राह्यली. आता इथंच सांग."

वैष्णवीने मशीनच्या चाकावर हात ठेवला. चाक थांबलं. तिला हरीओमच्या दुकानाची मोठी खिडकी आठवली. ती एकदाच पाहिली होती, कारंज्याला दोरा आणायला गेली तेव्हा, रस्त्याच्या पलीकडून. हरीओम तेव्हा मान खाली घालून काज करत होता. त्याने वर पाहिलं नव्हतं. तीही थांबली नव्हती.

"त्यायले सांग," ती म्हणाली, "का वैष्णवीले..."

तिने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली.

"सांग, का वैष्णवी नाही..."

"थांब व," मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्यांनी मांडीवरचा शर्ट बाजूला ठेवला. सुनेकडे न पाहता त्या जगदेवशी बोलल्या.

"तिले नको इचारू, जगदेवा. माहा भागवत मेला, मले पयल्या दिवसापासून मालूम हाय. वैष्णवी पिशवी भरे, तवा मी भागवत आला का म्हून इचारो. आता नाही इचारत. घेऊन जा तिले."