वीतभर खोल

विरूपाक्षने पीटीओची दांडी ओढली आणि ट्रॅक्टरमागचं चाक घरघरत फिरायला लागलं. जुन्या कडबा कुट्टीचं जड चाक होतं ते. बोअरच्या झिजलेल्या बिटांतले दात काढून त्याने चाकाच्या कडेला वेल्डिंगने बसवले होते. चाकाखाली कडुलिंबाचा बुडखा होता, परातीएवढा रुंद.

सडकेला जेसीबी उभा होता. त्याचा ड्रायव्हर रामकिशन टायरला टेकून तंबाखू मळत होता.

"काका, एका दणक्यात उपटून देतो की. म्हातारपणी कशाला कारखाना काढून राहिलात?"

"तुझं बकेट पुरुषभर खाली जातंय," विरूपाक्ष म्हणाला. "माझं चाक वीतभर."

"मग माझंच बरं की."

विरूपाक्षने लिफ्टची दांडी धरून चाक हळूच खाली घेतलं.

झाड सत्यमने विकलं होतं. विरूपाक्षचा हा एकुलता मुलगा लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. क्लासवाल्यांना वसतिगृहाच्या पोरांसाठी मैदान हवं होतं आणि हे वावर सडकेला लागून, सपाट, मधोमध एकच लिंब. विरूपाक्ष औशाच्या बाजाराला गेला त्या दिवशी लाकूडतोडे येऊन गेले. तो परतला तेव्हा वावरात सावली नव्हती. बुडखा मी काढतो, एवढंच तो पोराला म्हणाला आणि भंगाराच्या दुकानात जाऊन बसायला लागला. चाक चाललं नाही तर जेसीबी, असं आज ठरलं होतं.

लिंबाखाली मल्लम्मा होती. भूकंपानंतर गावातली माणसं एकाच सरणावर चालली होती. कोण कुणाचं ते बघायला कुणाला वेळ नव्हता. विरूपाक्षने बायकोला खांद्यावर घेतलं आणि वावर गाठलं. आपल्यातल्या रीतीने भस्म लावून, मांडी घालून तिला मातीत बसवलं. वर रोप लावलं. सत्यम तेव्हा रांगत होता. उदगीरला मावशीने त्याला वाढवलं आणि आई सगळ्यांबरोबर जळाली असं सांगितलं. ते खरं नाही, हे सांगायला विरूपाक्षला जमलं नाही. पोरगा यायचा तो घाईत, आणि जायचा तोही घाईतच.

चाक लाकडाला टेकलं. कडू वास उठला, एक दणका बसला, ट्रॅक्टर धूर ओकून बंद पडला. रामकिशन तंबाखू तोंडात टाकून जेसीबीत चढला.

"थांब जरा," सत्यम म्हणाला. तो इतका वेळ गाडीपाशी फोनवर होता. फोन खिशात घालून तो चाकाशी वाकला, एका दाताला बोट लावून बघितलं. "अप्पा, बनवलंय भारी तुम्ही. पण मधोमध दाबताय. लई दात एकदमच अडकायलेत. कडेपासून घ्या. बोटभर उतरवायचं आणि ट्रॅक्टर हळूहळू मागं सरकवायचा."

"दोन्ही एकट्याला कसं जमंल?"

"लिफ्ट मी धरतो ना."

तो मडगार्डवर बसला. विरूपाक्षने पुन्हा ट्रॅक्टर चालू केला, बुडख्याच्या कडेवर चाक आणलं. या वेळी दात सरकत सरकत आत गेले आणि ओला भुसा मागे उडायला लागला. सत्यम लिफ्टची दांडी केसभर खाली करायचा, बाप क्लच सोडायचा. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. भुशाने सत्यमचा शर्ट पिवळा पडला.

"क्लासमधल्या पोरांना दाखवायला पायजे हे," तो हसून म्हणाला. "फळ्यावर डोकं फोडतो मी त्यांच्यापुढं."

विरूपाक्षही हसला. त्याला वाटलं, बुडखा आणखी मोठा असता तर चाललं असतं.

बुडखा जमिनीला आला, मग जमिनीच्या खाली, वीतभर. सत्यमचा आता चाकावर हात बसला होता.

"हातभर तर सहज जाईल अजून. मुळासकट घेऊ." त्याने दांडी खाली लोटली.

भुशाबरोबर काळी माती उडाली.

विरूपाक्षने पीटीओ बंद केला आणि पोराचं मनगट धरलं.

"बस."

"अप्पा, मुळ्या राहतील. उद्या मैदानात फुटवा येईल."

"येऊ दे."

तो खाली उतरला. खळग्याबाहेर पडलेली माती त्याने दोन्ही हातांनी गोळा केली, ढेकूळन् ढेकूळ, आणि परत खळग्यात घातली. वरून भुसा लोटला, तळव्याने दाबला. मग शेजारी मांडी घालून बसला. रोज संध्याकाळी तो इथेच बसायचा. आज पाठ टेकायला काही नव्हतं म्हणून ताठ बसला, डोळे मिटून, एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून.

"अप्पा, उठा. ऊन लागंल."

विरूपाक्ष हलला नाही.

सत्यम त्याच्याकडे बघत राहिला. उदगीरच्या आजोबांना मातीत ठेवलं तेव्हा त्यांना असंच बसवलेलं त्याने पाहिलं होतं. त्याने खळग्याकडे पाहिलं, पुन्हा बापाकडे पाहिलं. मग सडकेकडे हात करून रामकिशनला जायला सांगितलं.

जेसीबीचा आवाज लांब गेला. सत्यमने बूट काढले.

"तोंड कुणीकडं हाय?" त्याने हळूच विचारलं.

विरूपाक्षने डोळे उघडले आणि ओढ्यापलीकडे बोट केलं. तिथे जुन्या गावाच्या जागी आता नुसती वेड्या बाभळींची दाटी होती.

"घराकडं," तो म्हणाला.