कोरडं बोट

"सहा महिन्यांपूर्वी काय म्हणाला होतास? ट्रान्सफर केसच्या गिअरचं तेल गळतंय, सील बदला, नाहीतर पस्तावाल!" फोर बाय फोर गाडीचा मालक गॅरेजमध्ये शिरताच मिस्त्रीवर बरसला. "नाही बदललं! आता पार्किंगमध्ये तेलाचा थेंब दिसत नाही. तुम्हा लोकांना फक्त घाबरवता येतं. अरे, कुरकुरीकडे लक्षच दिलं नाही की ती आपोआप थांबते. आमची ही बघ, आधी रोज भांडायची. हल्ली चकार शब्द काढत नाही."

मागच्या सीटवर त्याची बायको मांडीवर बॅग घेऊन बसली होती. तो तिला चार दिवसांसाठी माहेरी सोडायला निघाला होता.

"मग आज इकडे वाट वाकडी कशी केलीत?" मिस्त्रीने विचारलं.

"जरा खडखडतंय."

मिस्त्री गाडीखाली सरकला. ट्रान्सफर केसच्या तेलाचा प्लग खोलून त्याने आत बोट घातलं आणि बाहेर येऊन ते कोरडं ठणठणीत बोट त्या शहाण्याच्या नाकासमोर धरलं.

"साहेब, गळती थांबली नाही. गळायला आत काही उरलंच नाही."

मागचं दार उघडलं. बायको बॅग घेऊन खाली उतरली.

"तुम्ही गाडीचं बघा, मी जाते," ती म्हणाली. "आणि चार दिवसांनी न्यायला येऊ नका."